घरी बनवलेला इलेक्ट्रिक स्केटबोर्ड: साताऱ्याच्या चढावर नऊ महिने

दिवाळीच्या आधी पहिल्यांदा फिरवला, आता आषाढ चालूय आणि पावसामुळं बोर्ड घरात आहे, म्हणून निवांत लिहायला बसलोय. रेडीमेड नाही, घरी जोडलेला आहे, आणि या नऊ महिन्यात त्याची मोटर एकाची दोन झाली, बॅटरी बदलली, चाकं बदलली, पुली बदलली. मूळचं काय राहिलंय तर १२ एमएमच्या मरीन प्लायची फळी आणि तिच्यावर ग्रिप टेपच्या जागी चिकटवलेला पॉलिश पेपर.

आधीच सांगतो, मी सुरुवात चुकीच्या टोकाकडनं केली. मोटर किती वॅटची घ्यायची यावर महिनाभर डोकं फोडलं आणि पुलीला किती दात पाहिजेत ते जे मिळालं ते घेतलं. करायला पाहिजे होतं बरोब्बर उलटं. आपलं सातारा म्हणजे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतारावर वसलेलं गाव, राजवाड्याकडनं पोवई नाक्याला जाताना सायकलला पायडल मारावं लागत नाही आणि परत येताना उतरून ढकलावी लागते. इथं टॉप स्पीडचा उपयोग शून्य. कुठल्या रस्त्यावर पन्नासनं जाणार, दर शंभर फुटांवर स्पीडब्रेकर नाहीतर खोदलेलं.

पहिला सेटअप असा होता: एक ६३७४ आउटरनर (बाहेरचं कवच फिरणारी) मोटर, १९० केव्ही, मोटरच्या पुलीला १५ दात, चाकाच्या पुलीला ३६ दात, दोन्हींमधे दातेरी बेल्ट, ९० एमएमची युरेथेनची चाकं, आणि मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा कंट्रोलर, व्हेस्क ४.१२. हा व्हेस्क म्हणजे बेंजामिन वेडर नावाच्या स्वीडिश इंजिनिअरनं बनवून सगळ्यांसाठी खुला केलेला कंट्रोलर, त्यावरच आता बरीच घरगुती बोर्डं चालतात.

केव्हीबद्दल थोडं, कारण यात माझ्यासकट सगळेच पहिल्यांदा फसतात. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नाही आणि पॉवर तर अजिबात नाही. एका व्होल्टला बिनलोडचे किती आरपीएम, एवढंच ते. १९० केव्हीला ३६ व्होल्ट दिले की ६८४० आरपीएम. जास्त केव्हीची मोटर जोरात फिरते पण दर अँपिअरमागं टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, कमी देते, त्यामुळं २७० केव्ही स्वस्तात मिळतेय म्हणून उचलू नका, चढावर रडेल. आणि मोटरवर छापलेले तीन हजार वॅट वगैरे आकडे लग्नाच्या बायोडाटातल्या पगारासारखे समजायचे.

बॅटरी १०एसच (म्हणजे दहा सेल एकापुढं एक जोडलेले) का आणि १२एस का नाही, तर त्याला कारण हा जुना व्हेस्क. या मोटरमध्ये चुंबकाच्या पोलच्या ७ जोड्या असतात, म्हणून कंट्रोलरला दिसणारा ईआरपीएम खऱ्या आरपीएमच्या सातपट. १२एस फुल चार्ज म्हणजे ५०.४ व्होल्ट, गुणिले १९० गुणिले ७, झाले ६७ हजार, आणि ४.१२ ला साठ हजारांच्या आत ठेवायचं असतं. १०एसला ४२ व्होल्टवर ५६ हजारांच्या आत बसतं. नवीन सहा नंबरचा व्हेस्क असेल तर खुशाल १२एस करा.

पहिली बॅटरी मात्र निव्वळ कंजूषपणा होता. एका स्कूटरच्या भंगार पॅकमधनं १८६५० सेल काढले, २६०० एमएएचचे, १०एस३पी केली, म्हणजे तीन-तीन सेल समांतर आणि असे दहा गट एकापुढं एक. उभ्या बोर्डाला ३९ व्होल्ट दाखवायचं आणि जरा चढ आला, वीस अँपिअर ओढले, की थेट ३२ वर, की कट ऑफ. वरच्या रस्त्यानं राजवाड्याकडं येताना रोज त्याच एका जागी बंद पडायचा, तिथल्या चहावाल्या मामांना इतकी सवय झाली की लांबनं बघूनच ओरडायचे, "आलं बघा इंजान, ठेव रं पोरा च्या!" सेलवर एमएएच किती लिहिलंय त्यापेक्षा तो सेल किती अँपिअर न दमता देतो हे बघायचं असतं, ते मला तिथल्या चहाच्या उधारीतनं कळलं.

डिसेंबरात मग नवीन सेल घेतले, मोलिसेल पी४२ए, २१७०० साईज, ४२०० एमएएच, कागदावर ४५ अँपिअरचा सेल. १०एस३पी, तीस सेल, ४५३ वॉट अवर. हेच सेल नकली पण येतात, जुन्याला नवीन कव्हर चढवून, म्हणून आल्या आल्या सोनाराकडच्या काट्यावर वजन केलं (सोनार मित्राचा भाऊ, नाहीतर हाकलला असता), साधारण ७० ग्रॅमच्या आसपास सगळे भरले. सेल एकमेकांना जोडायच्या निकेलच्या पट्टीत मात्र फसलोच. शुद्ध निकेल म्हणून पैसे घेतले आणि निघालं लोखंडावर निकेलचा मुलामा. ते कसं कळतं तर पट्टीला कानशीनं ओरखडा मारून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवायची, सकाळी ओरखड्यात तांबूस गंज दिसला की समजायचं. मी वाटी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेली, आईनं काय बोलून घेतलं ते इथं लिहित नाही. ती पट्टी वापरली असती तर रोध जास्त, तापली जास्त असती. प्रत्येक सेलच्या प्लस टोकाला बार्ली पेपरची (इन्सुलेशनच्या जाड कागदाची) रिंग लावा, आळस करू नका, २१७०० चा प्लस आणि बाहेरचं पत्र्याचं मायनस यांच्यात एक मिलिमीटरचं अंतर असतं फक्त.

एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी पण बघितली होती. सोलर स्ट्रीटलाइटवाल्यांकडं ३२७०० चे सहा अँपिअर अवरचे सेल सहज मिळतात, १२एस२पी केली तर ४६० वॉट अवर, म्हणजे तेवढीच, आणि आगीच्या बाबतीत जास्त शांत केमिस्ट्री. पण वजन सव्वा-दीड किलो जास्त आणि फळीखाली तेवढे जाड सेल बसवायचे म्हणजे जमिनीला पोट घासणार. जागा असती तर तीच केली असती.

नवीन बॅटरीवर बोर्ड उडायला लागला, खरंच. आणि मग मला अक्कल सुचली की रस्ते खराब आहेत तर हवेची चाकं लावूया. ९० एमएमच्या चाकानं पाय बधीर व्हायचे, छोटा खडा आला तरी बोर्ड जागीच थांबायचा आणि मी पुढं. म्हणून जानेवारीत सहा इंची, १५० एमएमची हवेची चाकं घेतली, आणि एमआयडीसीत एका टर्नरकाकांकडनं अ‍ॅडॅप्टर करून जुनीच ३६ दातांची पुली त्याला बसवली. काकांनी बोअर काढता काढता विचारलं, "चाक एवढं मोठं केलंस, मग दात नको का वाढवाय?" मी म्हटलं काका, स्पीड वाढेल की. ते हसले फक्त. पन्नास वर्षं लेथवर काढलेला माणूस हसतो तेव्हा थांबून विचारायला पाहिजे होतं.

समर्थ मंदिरावरनं यवतेश्वरच्या घाटाला लागलो, दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर बोर्डची ताकद गेली आणि एक वास आला, गरम वार्निशसारखा. ज्यानं कधी मिक्सर जाळलाय त्याला माहितीय तो वास. मोटरवर थुंकी लावून बघितली तर चर्र झालं. अर्धा तास कठड्यावर बसून राहिलो, माकडं माझ्याकडं आणि मी मोटरकडं बघत.

घरी येऊन वहीत हिशोब केला, जो आधी करायला पाहिजे होता. मी अडुसष्ट किलो, बोर्ड बारा, म्हणजे ऐंशी. शंभर मीटरला आठ मीटर चढ धरला तर वर ढकलायला सुमारे ६३ न्यूटन, वर टायरचं घर्षण धरून ७८. १९० केव्हीच्या मोटरला एका अँपिअरमागं ०.०५ न्यूटन मीटर टॉर्क मिळतो (९.५५ भागिले केव्ही करायचं, बस्स). ९० च्या चाकाला २.४ च्या रेशोनं (३६ भागिले १५) २९ अँपिअर लागायचे, तेच १५० च्या चाकाला ४८. करंट १.६७ पट, पण मोटरच्या तारेतली गरमी करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे जवळजवळ २.८ पट! आणि बदल्यात काय मिळालं, तर कागदावर ताशी ८० चा स्पीड, जो मी जन्मात वापरणार नाही. चाक मोठं करणं म्हणजे गाडी न सांगता वरच्या गिअरमध्ये टाकणं, एवढी साधी गोष्ट.

उपाय पण वहीतच होता. ९० ला २.४ तर १५० ला ४, म्हणजे मोटरला १५ दात ठेवून चाकाला ६०. परत काकांकडं. ते काही बोलले नाहीत, ड्रॉवरमधनं अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा आधीच कापून ठेवलेला काढला. सोबत दुसरी तशीच मोटर आणि पुण्याच्या एका पोराकडनं जुना व्हेस्क घेतला, दोन्ही व्हेस्क एकमेकांशी बोलायच्या वायरनं (तिला कॅन म्हणतात) जोडले. आता त्याच चढावर एकेका मोटरला १४-१५ अँपिअर. फेब्रुवारीत तोच घाट चढलो, वर जाऊन मोटरला हात लावला, उन्हात ठेवलेल्या तांब्याएवढी गरम, बास. आनंदानं तिथं कणीस खाल्लं.

६० दातांचा तोटा पण आहे. ५एम (दर ५ एमएमला एक दात) बेल्टची ६० दातांची पुली साडेपंच्याण्णव एमएम व्यासाची होते, १५० च्या चाकात ती बसवली की खाली जमीन फक्त २७ एमएमवर. खडी उडून बेल्ट आणि पुलीच्या मधे बसते, टर्रर्र आवाज येतो आणि बेल्टचे चार दात साफ. नऊ महिन्यात सहा बेल्ट गेले, त्यातले चार खडीनं. तेलाच्या कॅनचं प्लॅस्टिक कापून गार्ड केलाय, दिसायला भिकार, पण तेव्हापासनं एकच गेला. मोटरच्या पुलीचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) लॉकटाइट, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, लावल्याशिवाय बसवू नका आणि कीवे (चावी बसायची खाच) असलेलाच शाफ्ट घ्या, नुसत्या स्क्रूवर पुली जागेवर फिरते आणि तुम्हाला वाटतं मोटर गेली.

आता सगळ्यात वाईट प्रसंग. मार्चमधली सकाळ, रात्रभर चार्ज केलेला, ४२ व्होल्ट टम्म. आमचं घर वर समर्थ मंदिराच्या बाजूला, म्हणजे घरातनं बाहेर पडलं की उतारच. इलेक्ट्रिक बोर्डला ब्रेक म्हणजे मोटरच जनरेटर होऊन करंट परत बॅटरीत ढकलते. भरलेल्या हंड्यात पाणी कुठं ओतणार? बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर पहारा ठेवणाऱ्या सर्किटला, वाटलं ओव्हरचार्ज होतंय, त्यानं चार्जिंग तोडलं, व्होल्टेज उसळलं, व्हेस्कनं फॉल्ट दाखवला आणि ब्रेक गायब. एकदम. पायाखाली बोर्ड मोकळा पळतोय आणि रिमोटचा ट्रिगर नुसता प्लॅस्टिकचा तुकडा. एका बांधकामापुढं वाळूचा ढीग होता तिथं अंग टाकलं. तळहात सोलले, गुडघा सोलला, बोर्ड पुढं जाऊन गटारात. एक आजोबा स्कूटर थांबवून म्हणाले, "काय रं बाळा, बिरेक नाय व्हय ह्याला?" मी म्हटलं आहे आजोबा, पण बॅटरी फुल आहे म्हणून लागला नाही. ते माझ्याकडं असं बघत होते की डोक्याला पण लागलंय का.

सपाट गावातल्या माणसाला हे कदाचित वर्षभर कळणार नाही, कारण तो निघाल्यावर आधी थोडी तरी बॅटरी वापरतो. आपल्याकडं जो वर राहतो त्याला पहिल्याच दिवशी कळेल. आता मी चार्जर ४१ व्होल्टवर सेट केलाय, सेलला ४.१. रेंज थोडी जाते, पण घरासमोरचा उतार ब्रेक लावत उतरता येतो. बीएमएस फक्त चार्जिंगच्या वायरवर ठेवलाय, मोटरची लाइन त्याच्यातनं न जाता सरळ फ्यूजमधनं जाते, आणि बॅटरीत परत जाणारा करंट सेटिंगमध्ये १२ अँपिअरवर बांधलाय. याचा अर्थ सेल खूप उतरला तर अडवणारा बीएमएस आता नाही, तो कट ऑफ व्हेस्कमध्ये स्वतः नीट टाकायचा. आणि हेल्मेट. मी आधी घालत नव्हतो, आता ग्लोव्ह्ज पण घालतो.

बाकी किरकोळ. हॉल सेन्सरवाली (मोटर कुठल्या जागी आहे ते कंट्रोलरला सांगणारी) मोटरच घ्या, बिनसेन्सरची उभ्या जागेवरनं चढावर निघताना बैलानं मान हलवावी तशी थरथरते. बॅटरीचा कनेक्टर ठिणगी रोखणारा एक्सटी९०-एस, साधा लावलात तर जोडताना कपॅसिटरमुळं फाट करून ठिणगी उडते आणि पिना काळ्या पडतात. रेंज मला १७-१८ किलोमीटर मिळते, चढ-उतार मिळून किलोमीटरला वीसेक वॉट अवर जातात, युरेथेनच्या चाकांवर यापेक्षा बरीच कमी बॅटरी जात होती. स्पीड मी सेटिंगमध्येच २५ ला बांधलाय. खर्च चुका धरून अठ्ठावन्न हजार, चुका वजा केल्या तर त्रेचाळीसच्या आसपास झाला असता. एवढ्यात जुनी स्कूटी आली असती हे आप्पांनी मला आतापर्यंत चार वेळा सांगितलंय.

जूनमध्ये एकदा झिमझिम पावसात काढला तर दोन दिवसांत बेअरिंगं कुरकुरायला लागली, उघडली तर आत तांबडं पाणी. आठही बदलली आणि बोर्ड पुसून, बॅटरी वेगळी काढून, पत्र्याच्या पेटीत गॅलरीत ठेवलीय. फुल चार्ज ठेवायची नसते म्हणून ३८ व्होल्टवर उतरवून ठेवलीय, दर दहा दिवसांनी मल्टिमीटर लावून बघतो. काल ३७.९ होती.