स्थलांतरापूर्वी परदेशात घर मिळवून देणारी सेवा : इंग्लंडमधील एका खरेदीचा अनुभव

नव्या देशात पाऊल ठेवण्याआधीच तेथील घराची किल्ली हाती देण्याचे आश्वासन देणाऱ्या एका सेवेमार्फत आम्ही उभयतांनी इंग्लंडमध्ये घर घेतले. घर आमच्या नावावर झाले, फसवणूक झाली नाही आणि सेवेतील बहुतेक माणसे सौजन्याने वागली. तरीही या व्यवहारात आम्हाला जो मनस्ताप आणि जो खर्च सोसावा लागला, त्याचा मोठा भाग टाळता येण्याजोगा होता, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण अशा प्रकारच्या बहुतेक सेवांची रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते आणि माझा आक्षेप त्या रचनेवर आहे.

आमची घाई का होती, ते आधी सांगितले पाहिजे. मुलीची शाळा एकदाच बदलावी, आधी भाड्याचे घर आणि मग स्वतःचे घर असे तिला दोनदा उखडावे लागू नये, एवढीच आमची इच्छा होती. सेवेचा अर्ज अकरा पानांचा होता. शयनगृहे किती हवीत, स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एकत्र चालेल का, बागेला ऊन कोणत्या बाजूने हवे, असे सर्व त्यात बारकाईने विचारले होते. व्हिसा मिळाला आहे का आणि प्रवासाची तारीख कोणती, हे मात्र कोठेही विचारलेले नव्हते. त्या वेळी आम्हालाही त्याचे काही वाटले नाही.

सेवेने पहिल्यांदा सुचवली ती एक सदनिका होती आणि वर्णनात 'दीर्घ मुदतीचे लीज' असे शब्द होते. इंग्लंडमध्ये सदनिका बहुधा लीजहोल्ड पद्धतीने विकली जाते, म्हणजे जमीन आणि इमारत दुसऱ्याच्या मालकीची राहते आणि आपण काही वर्षांपुरता राहण्याचा हक्क विकत घेतो. या सदनिकेच्या लीजची 78 वर्षे शिल्लक होती. 78 वर्षे ऐकायला भरपूर वाटतात, पण तेथील व्यवहारात 80 वर्षे ही फार महत्त्वाची रेषा आहे. त्याखाली लीज गेले की ते वाढवून घेण्याचा खर्च झपाट्याने चढतो, अनेक बँका कर्ज देताना हात आखडता घेतात आणि पुढे विकताना गिऱ्हाईक मिळणे कठीण होते. सेवेच्या प्रतिनिधीने ही रेषा असल्याचे सांगितले नाही. आम्ही सेवेच्या यादीबाहेरचा स्वतंत्र सॉलिसिटर, म्हणजे घरखरेदीचे कायदेशीर काम पाहणारा वकील, नेमला होता आणि त्याने पहिल्याच पत्रात हा मुद्दा मांडल्यामुळे आम्ही मागे फिरलो. सेवेने शिफारस केलेला सॉलिसिटर स्वीकारला असता, तर त्यानेही हे सांगितले असते की नाही, याविषयी मी तर्क करणार नाही. परंतु त्या शिफारशीबद्दल सेवेला कमिशन मिळते, ही बाब करारनाम्याच्या सातव्या पानावर बारीक अक्षरांत छापलेली होती, आणि ज्याच्या कामाने व्यवहार मोडू शकतो त्या माणसाची निवड व्यवहार झाल्यावरच पैसे मिळणाऱ्या संस्थेवर सोपवणे मला पटत नाही.

दुसरे घर फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसह पूर्ण मालकीचे होते, रांगेतले, जुन्या विटांचे, मागे छोटी बाग असलेले. व्हिडिओवरून ते दाखवण्याचा कार्यक्रम रविवारी सकाळी झाला. एजंट मागच्या खोलीत शिरला तेव्हा भिंतीच्या पायथ्याशी पाण्याची टाकी असलेला एक पांढरा डबा घरघरत होता. त्याने तो बोलता बोलता पायाने बाजूला सरकवला आणि कॅमेरा खिडकीकडे वळवला. रात्री पुन्हा चित्रफीत पाहताना पत्नीने ती जागा थांबवून मोठी केली. तो डबा म्हणजे हवेतील दमटपणा शोषून घेणारे यंत्र होते आणि त्यामागचा भिंतीचा हातभर पट्टा बाकीच्या भिंतीपेक्षा अधिक पांढरा, नुकताच रंगवलेला दिसत होता. आणखी एक गोष्ट तेव्हा आमच्या नजरेतून निसटली. चाळीस मिनिटांच्या त्या फेरीत एकही खिडकी उघडली गेली नव्हती. मागच्या गल्लीतील गोदामात सोमवार ते शनिवार पहाटे साडेपाचपासून मालमोटारी लागतात, हे आम्हाला राहायला आल्यावर कळले. प्रत्यक्ष जाणारा माणूस घराभोवती दोन वेगवेगळ्या वेळी चक्कर मारतो, शेजाऱ्याशी चार शब्द बोलतो, भिंतीला हात लावतो, नाकाने वास घेतो. व्हिडिओवर यातले काहीच होत नाही आणि कॅमेरा कोठे वळवायचा हे ज्याच्या हातात असते, त्याला घर विकायचे असते.

त्या पांढऱ्या डब्यामुळे आम्ही स्वखर्चाने लेव्हल 3 प्रकारचे सर्वेक्षण करवून घेतले. जुन्या घरांसाठी असलेली ही सर्वांत सविस्तर तपासणी होय. सेवेच्या मते त्याची गरज नव्हती, कारण बँकेचे मूल्यांकन होणारच होते. येथे अनेकांची गल्लत होते. बँकेचे मूल्यांकन बँकेसाठी असते. दिलेले कर्ज त्या वास्तूतून वसूल होईल का, एवढेच त्यात पाहिले जाते आणि मूल्यांकन करणारा कधी कधी घरात पाऊलही टाकत नाही. सर्व्हेअरने आम्हाला लिहिले की मागच्या अंगणाची फरसबंदी कधीतरी उंच केल्यामुळे ती भिंतीतील ओल रोखणाऱ्या थराच्याही वर गेली आहे, वास्तविक बाहेरची जमीन त्या थराच्या किमान 150 मिलिमीटर खाली असायला हवी. त्यातच पन्हळीचा सांधा गळत असल्यामुळे पावसाचे सारे पाणी त्याच भिंतीवर उतरत होते. दोन्ही दोष दुरुस्त होण्याजोगे होते. त्याच्या अहवालाच्या आधारे विक्रेत्याने किंमत उतरवली आणि सर्वेक्षणावर झालेला खर्च त्यात कितीतरी पटींनी भरून निघाला. या सबंध व्यवहारात सर्वांत योग्य ठिकाणी गेलेले पैसे ते हेच.

सेवेचे श्रेय तिला दिले पाहिजे. पैसे पाठवण्याच्या वेळी तिच्या कर्मचाऱ्याने स्वतःहून बजावले की सॉलिसिटरच्या खात्याचा क्रमांक ईमेलवर विसंबून वापरू नका, आधीपासून माहीत असलेल्या दूरध्वनीवर बोलून तो पडताळा आणि क्रमांक बदलल्याचा ईमेल आला तर तो खोटाच समजा. घरखरेदीच्या ऐन वेळी मधल्या ईमेलमध्ये शिरून खाते बदलण्याची लबाडी इंग्लंडमध्ये पुष्कळदा झालेली आहे आणि दूर बसलेला खरेदीदार तिला सहज बळी पडतो. ओळखपत्रांचे साक्षांकन, कागदपत्रांची पाठवणी, वेळेतील फरक सांभाळून बैठका ठरवणे, ताब्याच्या दिवशी किल्ल्या घेणे, मीटरच्या आकड्यांची छायाचित्रे काढून ठेवणे ही कामे चोख झाली. एवढ्यापुरती ही सेवा मला उत्तम वाटली.

करांच्या बाबतीत मात्र तिने आम्हाला थेट चुकीचे सांगितले. 'तुम्ही या देशात प्रथमच घर घेत आहात, तेव्हा पहिल्या घराची सवलत मिळेल,' असे तिच्या लेखी अंदाजपत्रकात होते. प्रत्यक्षात ही सवलत ज्याने जगात कोठेही कधीही घर घेतलेले नाही त्यालाच मिळते आणि आमच्या नावावर आधीचे घर होते. इतकेच नव्हे, तर ते घर न विकता इंग्लंडमध्ये दुसरे घेतल्यामुळे स्टॅम्प ड्यूटीवर अतिरिक्त घराचा अधिभार लागला. हा अधिभार 31 ऑक्टोबर 2024 पासून 5 टक्के आहे आणि तो ठरवताना परदेशातील घरेही मोजली जातात. आधीचे राहते घर तीन वर्षांच्या आत विकले तर तो परत मागता येतो. त्यावर अनिवासी खरेदीदाराचा 2 टक्के अधिभार आला. तो 1 एप्रिल 2021 पासून लागू आहे आणि खरेदीपूर्वीच्या बारा महिन्यांत जो किमान 183 दिवस ब्रिटनमध्ये राहिलेला नाही, त्याला तो भरावा लागतो. म्हणजे स्थलांतरापूर्वी घर घेणारा जवळजवळ प्रत्येक माणूस यात सापडतो. आमच्या सॉलिसिटरने हे सर्व वेळेत सांगितल्यामुळे रकमेची जुळवाजुळव करता आली. करारांची अदलाबदल झाल्यानंतर हे कळले असते, तर 10 टक्के बयाणा गमावण्याची पाळी आली असती, कारण तेथे त्या क्षणापर्यंत कोणताही पक्ष माघार घेऊ शकतो आणि त्यानंतर माघार घेणाऱ्या खरेदीदाराचा बयाणा बुडतो.

खरा घोळ ताब्यानंतर झाला. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात घर आमचे झाले आणि ऑक्टोबरमध्ये आम्ही निघणार होतो. परंतु नोकरी देणाऱ्या संस्थेकडून प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र यायला उशीर झाला, त्यामागोमाग व्हिसा लांबला आणि घर रिकामे पडून राहिले. घर विकत घेतल्याने व्हिसाचा कोणताही हक्क मिळत नाही, हे आम्हाला ठाऊक होते. पण घर आधीपासून असणे हे किती मोठे ओझे होऊ शकते, याची कल्पना नव्हती. रिकाम्या घराचाही कौन्सिल टॅक्स, म्हणजे तेथील घरपट्टी, सुरू राहिला. जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत माळ्यावरून जाणारा पाण्याचा पाइप गोठून फुटला. मुख्य दाराखालून पाणी पायरीवर येताना शेजारच्या बाईंनी पाहिले आणि त्यांनी कळवले, तोवर जिन्याशेजारचे छत खाली आले होते. विमा कंपनीने दावा फेटाळला, कारण आमची पॉलिसी राहत्या घराची होती आणि घर सलग 30 दिवसांहून अधिक रिकामे राहिल्यास पाणीगळतीचे नुकसान तिच्यात बसत नव्हते. रिकाम्या घरासाठी वेगळी पॉलिसी मिळते, आणि हीटिंग सुरू ठेवणे किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे करणे ही हिवाळ्यातील साधी खबरदारी आहे. ताब्याच्या दिवशी किल्ली घेणाऱ्या माणसाने एक चावी फिरवून पाणी बंद केले असते, तर हे घडलेच नसते. 'आमची जबाबदारी किल्ली घेण्यापाशी संपते,' असे उत्तर आम्हाला मिळाले आणि करारनाम्याप्रमाणे ते बरोबरही आहे.

मुलीच्या शाळेचे काय झाले, तेही सांगतो, कारण सारी धडपड तिच्यासाठी होती. अंदाजपत्रकासोबतच्या पत्रकात चांगली शाळा 400 मीटरवर असल्याचे ठळक अक्षरांत होते आणि अंतर बरोबरही होते. आम्ही पोहोचलो तेव्हा मात्र मुलीच्या इयत्तेत एकही जागा नव्हती. वर्षाच्या मध्ये येणाऱ्या मुलाला जेथे जागा रिकामी असेल तेथेच प्रवेश मिळतो. एरवीदेखील अनेक शाळांत जागा अंतराने वाटल्या जातात आणि शेवटचा प्रवेश किती दूरच्या मुलाला मिळाला हा आकडा दरवर्षी बदलतो. तीन किलोमीटरवरच्या शाळेत ती आता रमली आहे. भाड्याने राहून जागा आधी पक्की केली असती आणि मग त्या शाळेच्या आसपास घर शोधले असते, तर तिची शाळा एकदाच बदलली असती आणि तिला रोज दोन बस बदलाव्या लागल्या नसत्या.

सेवेच्या सूचीत इतरही देश आहेत आणि तेथे तर प्रश्न आणखी आधी सुरू होतो, कारण घर घेता येते का हेच आधी पाहावे लागते. न्यूझीलंडने 22 ऑक्टोबर 2018 पासून तेथे न राहणाऱ्या बहुतेक परकीयांना राहती घरे विकण्यास बंदी घातली. कॅनडात अशीच बंदी 1 जानेवारी 2023 पासून आली आणि ती 1 जानेवारी 2027 पर्यंत वाढवली गेली. ऑस्ट्रेलियाने 1 एप्रिल 2025 पासून 31 मार्च 2027 पर्यंत परकीयांना, तात्पुरत्या व्हिसावरील रहिवाशांसह, आधी बांधलेली घरे घेण्यास मनाई केली. अपवाद प्रत्येक ठिकाणी आहेत, पण ते बहुधा तेथे राहू लागलेल्या माणसासाठी आहेत. स्पेनमध्ये घर घेऊन निवासाचा परवाना मिळवण्याची वाट 3 एप्रिल 2025 रोजी बंद झाली. मी सूची पाहिली तेव्हा सेवेच्या स्पेनविषयक पानावर त्या परवान्याचा उल्लेख अजून होता.

कागदपत्रांची ने-आण आणि ताब्याच्या दिवसाची व्यवस्था यांसाठी मी या सेवेला पाचपैकी चार गुण देईन. घराची निवड, करविषयक सल्ला आणि ताब्यानंतरची काळजी यांसाठी एक. जो आधीच त्या देशात पोहोचला आहे, भाड्याने राहतो आहे आणि ज्याला नोकरीमुळे धावपळ करायला वेळ नाही, त्याने तिचा जरूर विचार करावा, मात्र सॉलिसिटर आणि सर्व्हेअर स्वतः निवडावेत.

अनिवासी अधिभार परत मिळवण्यासाठी ताब्यापासून वर्षभराच्या आत 183 दिवस येथे राहिल्याचे दाखवावे लागते. आम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस पोहोचलो, त्यामुळे मोजून तीनेक आठवड्यांची मोकळीक उरली आणि या उन्हाळ्यात आम्ही देशाबाहेर पाऊल टाकलेले नाही. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर मुलगी रोज एक आकडा लिहिते; आज 141 वा दिवस आहे. सेवेच्या अर्जात प्रवासाच्या तारखेचा रकाना घालावा, असे मी त्यांना दोनदा लिहिले. काल नवा अर्ज उघडून पाहिला. तो आता बारा पानांचा झाला आहे, वाढलेल्या पानावर स्वयंपाकघराच्या फरशीचा रंग विचारलेला आहे आणि तारखेचा रकाना अजून आलेला नाही.