कार्बन, ग्लास का हायब्रिड? कापड ठरवायच्या आधी जरा हिशोब

जुन्या बीमला किंवा कॉलमला मजबुतीसाठी एफआरपीचं (म्हणजे इपॉक्सी गोंदात भिजवलेल्या फायबरचं) कापड गुंडाळायचं ठरलं की पुढचा वाद ठरलेला, कार्बन घ्यायचं का ग्लास, आणि दोन्ही बाजू हटेनात की कोणीतरी म्हणतंच, मग हायब्रिड करू ना, काही थर कार्बनचे, काही ग्लासचे, दोन्हीचे फायदे मिळतील. मिळतात, पण थरांचं प्रमाण जमलं तरच, आणि हा 'तरच' ब्रोशरमध्ये कुठे सापडत नाही.

कार्बन ताठ असतं. फायबरचा मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, २३० गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे स्टीलच्या २०० च्याही वर, आणि वजन स्टीलच्या पाव हिश्शापेक्षा कमी. पण दीड-पावणेदोन टक्के ताणलं की खेळ खलास, आणि आधी काही कळत नाही. स्टीलची सळई निदान यील्ड होते, म्हणजे न तुटता लांबत जाते, बीम वाकतो, भेगा रुंदावतात, खालच्या माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो. कार्बनचा ग्राफ सरळ वर जातो आणि तिथेच थांबतो. ग्लास ७० ते ७५ गिगापास्कल, म्हणजे तेवढ्याच ताठपणासाठी तिप्पट माल लागणार, पण ते जास्त ताणतं आणि बरंच स्वस्त पडतं. फक्त जास्त ताणतं म्हणून ग्लास डक्टाइल, म्हणजे स्टीलसारखं यील्ड होणारं, असा समज करून घेऊ नका, तेही सरळ रेषेतच तुटतं, जरा उशिरा तुटतं एवढंच.

हायब्रिडची आयडिया अशी की आधी कार्बन तुटावं, लोड ग्लासने उचलून धरावा आणि मधल्या वेळात आपल्याला इशारा मिळावा. कार्बन ग्लासच्या सोबतीत एकट्यापेक्षा थोडं जास्त ताणतं असंही दिसलंय, १९७२ मध्ये जपानी संशोधक हायाशींनी ते पहिल्यांदा मांडलं, पण त्या बोनसवर डिझाइन उभं करू नये.

आता आकडेमोड करूनच बघा. कार्बनचा एक थर ०.१६७ मिमी, मॉड्युलस २३० गिगापास्कल, १.५ टक्क्याला तुटतो असं धरलं तर दर मिमी रुंदीला ५७६ न्यूटन घेतो. ग्लासचा थर ०.३५ मिमी, ७२ गिगापास्कल, तुटतो २.५ टक्क्याला, म्हणजे जास्तीत जास्त ६३० न्यूटन, पण कार्बन तुटायच्या क्षणी त्याच्यावर ३७८ आलेले असतात. एकाला एक थर लावला तर कार्बन तुटताना एकूण ९५४ आणि एकट्या ग्लासची ताकद ६३०, म्हणजे तेही लगेच पाठोपाठ जाणार, मग दोन्हीचे पैसे घालून मिळवलं काय? ग्लासचे दोन केले तर १३३२ समोर १२६०, थोडक्यात हुकलं. तीन केले की १७१० समोर १८९०, आता कुठे लोड धरला जातो. म्हणजे कार्बनच्या एका थराला ग्लासचे तीन, या मालात तरी. शिवाय कार्बन पातळ हवं, जाड थर तुटला की ग्लासपासून मोठा पापुद्रा सुटतो. एकदा लॅबमध्ये असा नमुना ओढताना बघितला, आधी बारीक तडतड ऐकू आली आणि मग ग्लासच्या अर्धपारदर्शक थरातून आतलं कार्बन तुटल्याचे आडवे पट्टे एकेक करून दिसायला लागले. तो इशारा खरा, आणि एकट्या कार्बनकडून असलं काही मिळत नाही.

मग वापरायचं कुठे? बीमच्या तळाला वाकण्यासाठी पट्टी चिकटवत असाल तर माझं मत सरळ कार्बन. तिथे बहुतेक वेळा फायबर तुटतच नाही, त्याच्या आधीच काँक्रीटचा पातळ पापुद्रा घेऊन पट्टी सुटते, म्हणजे हायब्रिडचा जो गुण तुम्ही विकत घेतलात तो वापरलाच जात नाही. भूकंपासाठी कॉलम गुंडाळायचाय तर गोष्ट वेगळी, तिथे कॉलम फुगतो, कापड खरंच ताणलं जातं, आणि ग्लास किंवा नीट प्रमाणातलं हायब्रिड शोभून दिसतं. कोपरे मात्र घासून किमान १३ मिमी त्रिज्येचे गोल करा, नाहीतर कुठलंही कापड तिथेच फाटतं.

सतत भार असेल तर अजून एक गोम आहे. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या (एसीआय) ४४० क्रमांकाच्या मार्गदर्शनात कायम राहणाऱ्या ताणाची मर्यादा कार्बनला ताकदीच्या ५५ टक्के आहे आणि ग्लासला फक्त २०, त्यामुळे हायब्रिडमध्ये दोन्ही थर वेगवेगळे तपासावे लागतात, सगळं मिळून एक सरासरी काढून भागत नाही. उलट एक फायदा असा की कार्बन उघड्या स्टीलला टेकलं की स्टील गंजायला लागतं, तिथे मधे ग्लासचा थर हवाच, आणि तो हायब्रिडमध्ये आपोआप मिळतो, अर्थात स्टीलच्या बाजूला लावला तर. आगीत तिघंही सारखेच, साइटवर सुकणारं इपॉक्सी साधारण ६०-८० अंशांतच मऊ पडतं.

आणि कोटेशन मागवण्याआधी पुल-ऑफ टेस्ट, म्हणजे काँक्रीटचा पृष्ठभाग ओढल्यावर किती ताणाला सुटतो याची चाचणी, करून घ्या. काँक्रीट १.४ मेगापास्कलच्या खालीच सुटत असेल तर आधी ते काँक्रीट दुरुस्त करा, कापडाचा वाद नंतर घाला.