वॅगनआर-स्विफ्टसाठी इंजिन ऑइल: कुठला डबा उचलावा, कुठला फळीवरच राहू द्यावा

ऑइलच्या दुकानात "वॅगनआरसाठी द्या" एवढंच म्हटलं की काउंटरवर दोन डबे येतात. एक, ज्यात दुकानदाराला जास्त सुटतं तो. दुसरा, ज्याचा बोर्ड दुकानावर लागलाय तो. दोन्ही ऑइल चांगली असू शकतात आणि तरीही तुमच्या इंजिनाला दोन्ही चुकीची असू शकतात. हा आढावा मारुतीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांपुरता आहे: एक लिटरचं के-१० आणि १.२ लिटरचं के-१२, म्हणजे वॅगनआर, सेलेरिओ, अल्टो के-१०, आणि २०२४ च्या नव्या मॉडेलांआधीच्या स्विफ्ट, डिझायर. यांना फिल्टरसकट साधारण ३ लिटर ऑइल लागतं. नेमका आकडा गाडीसोबत आलेल्या पुस्तकात असतो.

ब्रँड नंतर बघा, आधी ग्रेड, म्हणजे डब्यावरचा दाटपणाचा आकडा: 'डब्ल्यू'आधीचा थंडीतला, नंतरचा तापलेल्या इंजिनातला, आणि आकडा मोठा तेवढं ऑइल दाट. या इंजिनांच्या जुन्या गाड्यांना ५डब्ल्यू-३० चालतं, मधल्या काळातल्या पुस्तकांत ०डब्ल्यू-२० दिसतं आणि अलीकडच्या बीएस-६ गाड्यांना कंपनी ०डब्ल्यू-१६ सांगते. इथे गॅरेजमधलं ठरलेलं वाक्य येतं: "साहेब, आपल्याकडे ऊन किती! पातळ ऑइल टिकत नाही, वीस-पन्नास (म्हणजे २०डब्ल्यू-५०) टाकू."

हे वाक्य आकड्यांवर घासून पाहू. नागपूरचा मे महिना, सावलीत ४० अंश, गाडी रात्रभर उभी. या तापमानाला ५डब्ल्यू-३० चा दाटपणा ६० ते ६५ सेंटिस्टोकच्या आसपास असतो. इंजिन तापून ऑइल १०० अंशांवर गेलं की तेच ऑइल १० ते ११ वर येतं, आणि इंजिनाच्या बेअरिंगचं, ऑइलच्या वाटांचं गणित या १०-११ वर बसवलेलं असतं. म्हणजे विदर्भाच्या उन्हातही सकाळी सेल मारताना चेंबरमधलं (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतलं) ऑइल हवं त्याच्या सहापट दाट असतं. २०डब्ल्यू-५० घातलं तर ४० अंशांना १६० च्या पुढे आणि १०० अंशांना १८ च्या आसपास. बाहेर महाबळेश्वर असो की चंद्रपूर, रेडिएटर आणि थर्मोस्टॅट मिळून चालतं इंजिन जवळपास एकाच तापमानावर ठेवतात. बाहेरच्या उन्हासाठी दाट ऑइल, हा हिशेब कार्ब्युरेटरच्या जमान्यातला.

दाट ऑइलनं बिघडतं काय? इंजिन लगेच बसत नाही, म्हणून तर ही सवय टिकून आहे. सकाळी वरच्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत ऑइल पोचायला उशीर होतो आणि झीज त्याच क्षणांत होते. व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी यंत्रणा) असलेल्या इंजिनांत कॅमचं टायमिंग ऑइलच्या दाबावर हलतं, तिथे प्रतिसाद ढिला पडतो. अॅव्हरेजही थोडं उतरतं. "ऑइल बदलल्यावर आवाज किती गुळगुळीत झाला बघा" हे खरं असतं, कारण दाट ऑइल टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची) टकटक दाबतं. झीज तशीच राहते, फक्त ऐकू येत नाही.

दाट ऑइलला एकच प्रामाणिक जागा आहे: दीड-दोन लाख किलोमीटर झालेलं आणि ऑइल खाणारं इंजिन. हजार किलोमीटरला अर्धा लिटर टॉपअप लागत असेल तर ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० वर जायला हरकत नाही. त्याआधी एक गोष्ट बघून घ्या. खंबाटकीसारखा घाट गिअरमध्ये उतरून पुन्हा अॅक्सिलरेटर दाबताच मागून निळसर धुराचा एक भपका आला आणि विरला, तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेलेत. उतारावर इंजिनात निर्वात तयार होतो आणि कडक झालेल्या सीलमधून ऑइल खाली ओढलं जातं. सील बदलणं हे पूर्ण इंजिन खोलण्यापेक्षा बरंच स्वस्त काम आहे. चढावर, लोड असताना सतत धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंग तपासा.

ग्रेडनंतर डब्यावरची एपीआय खूण, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा दर्जा. गोल चिन्हात एसएन, एसपी अशी अक्षरं असतात. 'एस'ची मालिका पेट्रोलची, 'सी'ची डिझेलची. एसपी २०२० साली आली. तिच्यात टायमिंग चेनच्या झिजेची वेगळी चाचणी आहे आणि के-सिरीजमध्ये चेनच असते, म्हणून एसपी मिळत असेल तर तेच घ्या. ट्रकवाल्या गॅरेजात ड्रममधून मिळणारं १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइल आणि बाइकचं जासो एमए (जपानी मानकाची खूण) ऑइल, दोन्ही टाळा. बाइकच्या ऑइलमध्ये क्लच घसरू नये म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं मुद्दाम आवरलेली असतात, कारला नेमकी तीच हवी असतात.

आता डबे.

मारुतीचं स्वतःचं जेन्युइन ऑइल किंवा सुझुकीचं एक्स्टार: ०डब्ल्यू-१६ लागणाऱ्या गाडीला आमची पहिली पसंती हीच. बाहेर ही ग्रेड सहज मिळत नाही, मिळाली तरी डबा किती दिवस पडून आहे ते बघावं लागतं. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या नावाचं ऑइल तेल कंपन्याच बनवून देतात, त्यामुळे 'कंपनीचं म्हणजे हलकं' ही समजूत सोडा.

कॅस्ट्रॉल मॅग्नाटेक ५डब्ल्यू-३० आणि शेल हेलिक्स एचएक्स-८ ५डब्ल्यू-३०: दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलायच्या हिशेबात दोघांत फरक शोधत बसू नका, ज्याचा ताजा डबा खात्रीच्या दुकानात मिळेल ते घ्या. शेलच्याच एचएक्स-७ चा १०डब्ल्यू-४० डबा शेजारी असतो आणि थोडा स्वस्तही असतो, पण तो वर सांगितलेल्या, ऑइल खाणाऱ्या इंजिनांसाठी ठेवा. मोबिल १, मोतुल, लिक्वी मोली उत्तम आहेत; रोज वीस किलोमीटर जाणाऱ्या वॅगनआरला त्यांचा जादा खर्च वसूल होत नाही. पंपावरची सर्वो, मॅक, एचपी ही सरकारी कंपन्यांची ऑइल उगाच कमी लेखली जातात. अडचण दर्जाची नाही, पंपाच्या कपाटात बहुतेक २०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० च ठेवलेलं असतं. ५डब्ल्यू-३० आणि एसपी लिहिलेला डबा दिसला तर बिनधास्त घ्या.

'फुल सिंथेटिक' या शब्दावर फार पैसे लावू नका. अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलच्या जाहिरातीविरुद्ध तक्रार केली होती: खनिज तेल जास्त शुद्ध करून त्याला सिंथेटिक कसं म्हणता? जाहिरातींच्या तंट्यांवर निवाडा करणाऱ्या तिथल्या मंडळाने १९९९ साली कौल कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला. तेव्हापासून हा शब्द बराच सैल झाला. ग्रेड आणि एपीआय जास्त खरं बोलतात.

सीएनजीवाल्यांसाठी वेगळा इशारा. गॅस स्वच्छ जळतो, काजळी होत नाही, म्हणून दहा हजार किलोमीटरनंतरही डिपस्टिकवरचं ऑइल मधासारखं दिसतं आणि माणूस पंधरा हजारांपर्यंत ताणतो. रंगावर जाऊ नका. गॅसवर ज्वलनाची उष्णता ऑइलला बाधते, ते आतून ऑक्सिडाइझ होऊन दाट होतं आणि आम्ल मारायची ताकद संपत जाते. दहा हजार किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. कमी रनिंगच्या पेट्रोल गाडीलाही वर्षाची अट लागू.

खरी गडबड ऑइल भरताना होते. डबा साडेतीन लिटरचा, इंजिनाला लागतं तीनच्या आसपास, आणि पोरगा डबा उपडा करून मोकळा होतो. पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर गेली की क्रँक ऑइलमध्ये बुडून फेस करतो, फेसाळ ऑइल बेअरिंगला नीट दाब देत नाही आणि जादाचं ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर नेणाऱ्या) नळीतून एअर इनटेककडे जातं. म्हणून इंजिन थोडं गरम करून जुनं ऑइल पूर्ण निथळू द्या. चेंबर बोल्टचा वायसर नवा घाला. जुन्याच वायसरवर बोल्ट जोरात आवळला की चेंबरचे आटे जातात. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर रस्त्यात सगळं ऑइल जातं. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा, फिल्टर हाताने टेकवा आणि तिथून पाऊण फेरा द्या. आधी पावणेतीन लिटर ओता, इंजिन एक मिनिट चालवा, पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून बघा, मग थोडं थोडं वाढवा. दोन खुणांच्या पाऊण उंचीवर थांबलात तरी चालतं.

इंजिन फ्लश, कोटिंग, 'ट्रीटमेंट' या नावाखाली बिलात येणाऱ्या ओळी सरळ खोडायला सांगा. पुस्तकात त्यातलं काहीही नाही.

पावसाळ्यात कोकणात छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ पिवळा थर दिसतो. घाबरू नका, थंड झाकणाला धरलेली वाफ असते ती. गाडी तासभर हायवेवर काढा, जातो. डिपस्टिकवरचं ऑइलच कॉफीसारखं झालं असेल आणि कूलंटची पातळी उतरत असेल, तर मात्र गाडी चालू करू नका, हेड गास्केट बघावं लागेल.

जे ऑइल जास्त खपतं त्याचीच नक्कल जास्त होते. झाकणाची सील अखंड हवी, बॅच नंबर आणि तारीख पुसट नको, बिल पक्कं हवं. डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. ऑइल ओतून झालं की रिकाम्या डब्याला स्क्रू ड्रायव्हरने दोन भोकं पाडून मगच तो गॅरेजात सोडा, कारण नकली ऑइल भरायला अखंड डबाच लागतो, आणि भंगारात त्याला भोक पडलेल्यापेक्षा जास्त भाव मिळतो.