फ्रीझरमधली लिमोनचेलो: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मागच्या हिवाळ्यापासून आमच्या मिलानच्या घरी फ्रीझरमध्ये लिमोनचेलोची, म्हणजे लिंबाच्या सालीपासून केलेल्या गोड इटालियन दारूची, बाटली कायम असते. बहुतेक वेळा विल्ला मास्सा या कंपनीची आणतो, मधूनमधून दुसऱ्याही आणून पाहिल्या. साधी घेतली, प्रोसेको या बुडबुडेदार इटालियन वाइनमध्ये घातली, टॉनिकमध्ये घातली, फळांवर आणि आइसक्रीमवर ओतली. एवढ्या महिन्यांनी माझं मत पक्कं झालंय. हिची सगळी गंमत लिंबाच्या सालीतल्या तेलात आहे, आणि ती कशी प्यायची हेसुद्धा त्या तेलाकडे बघूनच ठरवावं.

हिच्यात रसाचा थेंबही नसतो. दक्षिण इटलीतल्या सोरेंटोच्या द्वीपकल्पात, काप्रीत आणि अमाल्फीच्या किनाऱ्यावर पिकणाऱ्या जाड सालीच्या लिंबांचं फक्त पिवळं साल अलगद काढतात, 95-96 टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये मुरवतात आणि गाळून त्यात साखरेचा पाक मिसळतात. सालीखालचा पांढरा भाग चुकून आला तर कडवटपणा उतरतो. सोरेंटोचं लिंबू अंडाकृती, अमाल्फीचं ‘स्फुसातो’ लांबट आणि टोकदार. दोघांनाही युरोपीय संघाची आयजीपी, म्हणजे भौगोलिक ओळखीची खूण मिळालेली आहे. अमाल्फीकडे समुद्रावरच्या उभ्या चढावर दगडी बांध घालून, चेस्टनटच्या लाकडी मांडवाखाली ही झाडं वाढवतात. तिथली माणसं लिंबांचं ओझं किती कष्टाने वाहतात, हे तिथल्या पायऱ्या चढून पाहिल्यावर कळतं. बाटलीच्या किमतीबद्दल मी तेव्हापासून कुरकुर करत नाही.

विकत घेताना बाटलीची मागची बाजू वाचा. पाणी, साखर, अल्कोहोल आणि सालीचा अर्क एवढंच असेल तर बिनधास्त घ्या. रंग आणि सुगंध वेगळे घातलेली एक स्वस्त बाटली मी सुपरमार्केटातून आणली होती. पहिला घोट बरा लागला, पण मागे नुसती साखर उरली. चांगल्या लिमोनचेलोत घोट उतरल्यावरही सालीचा वास बराच वेळ तोंडात राहतो. दुसरी खूण गढूळपणाची. अल्कोहोलमध्ये विरघळलेलं तेल पाक घालताच बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडतं, म्हणून ती पिवळसर धूसर दिसते. तळाशी साका दिसतोय असं समजून बाटली टाकून देऊ नका.

आता प्यायच्या पद्धती. दक्षिण इटलीत ती जेवणानंतर देतात, विशेषतः माशांच्या जेवणानंतर, छोट्याशा ग्लासात आणि कडक थंड. हीच पद्धत मला सर्वांत आवडते. बाटली रात्रभर फ्रीझरमध्ये आणि ग्लास निदान अर्धा तास. साधारण 30 टक्के अल्कोहोल आणि भरपूर साखर असल्यामुळे ती उणे 18 अंशांतही गोठत नाही, दाटसर होते. थंडीमुळे गोडी दबते, अल्कोहोलची धग कमी होते, आणि तोंडात ऊब मिळाली की वास उलगडतो. खोलीच्या तापमानाला तीच दारू खोकल्याच्या औषधासारखी चिकट लागते. बर्फ मात्र घालू नका. वितळून पाणी होतं आणि दाटपणा जातो, खरी गंमत तर त्या दाटपणातच असते. प्रमाण 30-40 मिली पुरे. थंड आणि गोड असल्यामुळे किती चढतेय ते कळत नाही, तेव्हा गाडी चालवायची असेल तर हात लावू नये.

उन्हाळ्यात पाहुणे आले की स्प्रिट्झ करतो. मोठ्या ग्लासात भरपूर बर्फ, 50 मिली लिमोनचेलो, 75 मिली प्रोसेको, वर 25 मिली सोडा आणि पुदिन्याची पानं. प्रोसेको ‘ब्रूट’, म्हणजे कमी गोड घ्यावी, नाहीतर साखरेवर साखर होते. इथे बर्फ चालतो, कारण बुडबुड्यांबरोबर तेलाचा वास वर येतो. ज्यांना गोड दारू नकोशी वाटते त्यांना मी टॉनिक घालून देतो. टॉनिकचा कडूपणा गोडी छान तोडतो. व्होडका आणि जिनच्या मिश्रणांमध्ये मात्र मला ती हरवल्यासारखी वाटली, ते प्रयोग सोडून दिले.

गोडाच्या पदार्थांत तिचं काम मोठं आहे. चिरलेल्या स्ट्रॉबेरीवर दोन चमचे घालून पंधरा मिनिटं ठेवली तरी पुरे. लिंबाच्या सॉर्बेवर, म्हणजे बिनदुधाच्या आइसक्रीमवर, थोडी ओतली तर अप्रतिम. नेपल्सचा ‘बाबा’ हा स्पंजासारखा केक एरवी रममध्ये भिजवतात, तो लिमोनचेलोतलाही मिळतो आणि मला तोच जास्त आवडतो. सोरेंटोला गेलात तर ‘देलीत्सिया अल लिमोने’ खाल्ल्याशिवाय परतू नका. घुमटासारखा मऊ केक, आत लिंबाचं क्रीम, आणि केक मुरवलेला असतो लिमोनचेलोच्या पाकात. दुधा-सायीची ‘क्रेमा दी लिमोनचेलो’ही आणून पाहिली. मऊ आहे, पण दुधाने लिंबाची धार बोथट होते. माझ्या घरी ती पुन्हा येणार नाही.

पुण्याहून मावशी फोनवर विचारते, घरी करता येईल का? येईल, पण तितकी जमणार नाही. आपल्याकडे 95 टक्क्यांचं अल्कोहोल घरगुती वापराला दुकानात मिळत नाही. 40 टक्क्यांची व्होडका घेतली तर तेल कमी उतरतं, आणि पाक बेताने घालावा लागतो. बरोबरीने घातला तर मिश्रण 20 टक्क्यांवर येऊन फ्रीझरमध्ये बर्फाळ होऊ शकतं. शिवाय कागदी लिंबाची साल पातळ आणि वासही निराळा. करायचीच असेल तर जाड सालीचं, मेण न लावलेलं लिंबू शोधा आणि सोलणीने नुसता वरचा पिवळा पापुद्रा काढा.

उघडलेली बाटली खराब होत नाही, पण उजेडात ठेवली तर महिन्या-दोन महिन्यांत वास मंदावतो आणि रंगही उतरतो. दर वेळी ओतल्यावर बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसा. साखर सुकली की झाकण घट्ट चिकटतं.

इटलीहून भारतात नेणार असाल तर प्रवाशाला 2 लिटर दारू करमुक्त आणता येते. 700 मिलीच्या दोन बाटल्या त्यात सहज बसतात. कपड्यांत नीट गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवा, हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीला अडवू शकतात. आणि त्यातली एक तरी फिक्या, धूसर रंगाची असू द्या. झगझगीत पिवळी नको.