खंडानं की वाट्यानं? बेळगावात दुसऱ्याच्या रानात भाजी करायची तर

दहा-वीस गुंठे रान धरायचं, टिळकवाडी-शहापुरातली ओळखीची घरं जोडायची, त्यांच्याकडून हंगामाचे पैसे आधी घ्यायचे आणि आठवड्याला भाजी पोचवायची, असा बेत करणारे आता बरेच भेटतात. त्यांचं घोडं अडतं जमिनीपाशी. मालकाला खंड, म्हणजे ठरलेलं भाडं द्यायचं, की पिकाचा वाटा?

आधी कागदाचं. कर्नाटकात १ मार्च १९७४ पासून शेतजमिनीवर नवं कूळ लावायला कायद्यानं बंदी आहे. अपवाद मोजकेच, त्यात सैनिक येतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या आपल्या भागात हा अपवाद बारीक नाही! लष्करात असलेल्या कुणाची जमीन मिळत असेल तर ती पहिली बघा आणि वकिलाला विचारून रीतसर कागद करा. बाकी सगळा व्यवहार तोंडी. कसणारा कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल या धास्तीनं मालक वर्षा-दोन वर्षांनी माणूस बदलतो. उतारा त्याच्याच नावावर असल्यानं पीककर्ज आणि सरकारी भरपाईही त्यालाच. म्हणून खंड असो वा वाटा, तुमचा पैसा बोअर मारण्यात घालू नका. ठिबकच्या नळ्या, मोटर अशा उचलून नेता येणाऱ्या वस्तूंत घाला.

वाट्याची गोडी सरळ आहे. पाऊस फिरला तर मालकही बुडतो, आणि सुरुवातीला हातात रोकड कमी लागते. बटाटा, रताळी, कोबी अशा एकदम निघणाऱ्या मालाला हे जमतं: माल एपीएमसीत, म्हणजे बाजार समितीत गेला, पट्टी (विक्रीचा हिशेब) आली, वाटणी झाली. पण आगाऊ पैसे दिलेल्या घरांना रोज कोबी नको असतो. त्यांना मेथी, कोथिंबीर, मुळा, बीट, नवलकोल, घेवडा असं थोडं थोडं लागतं आणि ते रोज निघतं. कोथिंबिरीच्या जुडीचा वाटा कोण मोजणार? मालक बांधावर येऊन बसला की महिन्याभरात कुरबूर सुरू. शिवाय काय पेरायचं यात त्याचा शब्द चालतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरं जोडलेली असतील तर खंड. माल बाजारात टाकायचा असेल तर वाटा. उलटं केलंत तर दोन्हीकडून नुकसान. खंडानं रान घेऊन दलालाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही घेतली, तर कोबीचा दर पडलेल्या आठवड्यात काढणीची मजुरी सुटत नाही, खंड मात्र द्यावाच लागतो.

खंडाची मोठी भीती पावसाची. येळ्ळूर-वडगावच्या काळ्या रानात बळ्ळारी नाल्याचं पाणी तुंबतं, खानापूरकडे तर झडच संपत नाही. त्यावर तोड म्हणजे वर्षभराचा खंड करूच नका. भात कापून मोकळं झालेलं रान उन्हाळा लागेपर्यंत मागा. मालकाचं भात त्याच्याकडेच राहतं, कुळाची धास्ती कमी होते, खंडही उतरतो.

पाणी नीट विचारून घ्या. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला वीजबिल नाही, हे खरं. पण थ्री फेज ठरावीक तास, कधी रात्रीच. त्या वेळात विहिरीवर पहिला हक्क कुणाचा?

घरांकडून पैसे घेताना भिशीसारखे आधी घ्यायचे, पण भिशीसारखी ठरली रक्कम परत मिळेल असं भासवायचं नाही. पाल्याला कीड लागली की पिशवी हलकी येणार, हे पहिल्याच दिवशी सांगा. काढणीला आणि जुड्या बांधायला गावातल्या बचत गटाच्या बायका घ्या आणि मजुरी त्याच दिवशी द्या. रान कुणाचं, नळ्या कुणाच्या हे गावाला त्यांच्यामुळेच माहीत राहतं, आणि तोंडी व्यवहारात तेवढीच साक्ष असते.

खंड दोन हप्त्यांत ठरवा: निम्मा रान ताब्यात घेताना, निम्मा संक्रांतीनंतर.