गॅलरीत पांढरी छत्री की पिवळी? अम्मी आणि शेपू

गाजराच्या कुळातली झाडं फुलांसाठी लावायची म्हटलं की ठाण्यात दोनच पर्याय मला पटतात: अम्मी माजुस आणि आपला शेपू. दोघांचे फुलोरे उलट्या छत्रीसारखे. अम्मीचा पांढरा, लेससारखा, शेपूचा हिरवट पिवळा.

देखणेपणात अम्मीच सरस. गुलाबाच्या जुडीत दोन दांड्या खोचल्या की फुलदाणी भरते. पण ती मूळची भूमध्य समुद्राकाठची, तिला थंडी हवी. घोडबंदर रोडच्या गॅलरीत ती मिळते डिसेंबर-जानेवारीत, तीही रात्रीपुरती. म्हणून बी आठ-दहा दिवस फ्रिजमध्ये ठेवून नोव्हेंबरात पेरायचं. आणखी एक: हिच्या चिकात सोरालेन असतं, त्वचेला उन्हाबाबत हळवं करणारं द्रव्य. चीक लागलेल्या हातावर ऊन पडलं तर फोड येतात. याच गुणामुळे इजिप्तमध्ये हिचं बी कोडावर वापरत. छाटणी संध्याकाळी, हातमोजे घालून. घरात लहान मूल असेल तर मी लावणार नाही.

शेपूचं एवढं नाही. वाण्याकडच्या बाळंतशेपा, म्हणजे शेपूचंच बी, भाजलेल्या नसतील तर थेट कुंडीत टाका. दोन-अडीच महिन्यांत फुलं, त्यावर मधमाश्या, आणि मध्ये भाजीही. (सासूबाई फुलं येऊच देत नाहीत, हा वेगळा प्रश्न.)

दोघांचंही सोटमूळ, रोप उपटून लावलं की रुसतं. कुंडी फूटभर खोल हवीच. मार्चच्या उन्हात दोन्ही आटोपतात.

यंदा माझ्याकडे तीन कुंड्या शेपू, एक अम्मी.