पद्मिनीचे पार्ट बनवून देणारे उद्यमनगरातले लेथवाले मिस्त्री: दोन वर्षांचा अनुभव

आमची प्रीमियर पद्मिनी 1984 सालची. बाबांनी सांगलीत घेतली, मी तिच्यावरच गाडी शिकले, आणि आता ती माझ्याकडं आहे. बाबा शेजारी बसतात आणि कान देऊन गाडी ऐकत राहतात. गेल्या दोन वर्षांत तिचे तीन पार्ट मी कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपमधून बनवून घेतले. एक मोठा लेथ, एक लहान, ड्रिल मशीन, हँडप्रेस, वर पत्रा. बाहेर पाटी नाही. नाव कुठं लिहू नका असं मिस्त्रींनी आवर्जून सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. पण काम कसं करतात ते मात्र सगळं सांगणार आहे.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी पद्मिनी मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावत होती, तोवर तिचे पार्टही निघत होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून तीही बंद झाली. गिऱ्हाईकच नाही म्हटल्यावर दुकानदार माल कशाला भरेल? आता एकतर कुणाच्या तरी माळ्यावर पडलेला जुना माल मिळतो, नाहीतर मापाचा पत्ता नसलेली नक्कल.

अशीच एक नक्कल मी आधी घेतली होती. स्टिअरिंग खडखडायला लागलं, पुढची चाकं हातानं हलवली की डुगडुगायची. किंगपिन, म्हणजे पुढची चाकं ज्या उभ्या पिनांवर वळतात त्या, गेल्या होत्या. एका दुकानातून किट मागवलं आणि ते घेऊनच उद्यमनगर गाठलं. मिस्त्रींनी किटमधला बुश, म्हणजे पिनेभोवती बसणारी आखूड नळी, उचलला, स्टब ॲक्सलच्या (चाकाच्या आखूड आसाच्या) भोकात ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. सर्रकन आत गेला. "ताई, ह्यो बुश प्रेसनं बसाय पाहिजे. अंगठ्यानं बसतोय म्हंजे म्हैनाभरात आतल्या आत फिरंल," म्हणाले.

मी पिशवीतून जुना बुश काढून दिला: ह्याच मापाचा करा. त्यांनी तो बाजूला ठेवला. "हे सॅम्पल न्हवं, ही झीज हाय. झिजलेलं माप घेऊन मी काय करू? जुनी पिन द्या." पिन मायक्रोमीटरमध्ये धरून तीन ठिकाणी मोजली. टोकांना, जिथं बुश फिरतात तिथं, एका अंगानं आठ शतांश मिलिमीटर झीज. मधला भाग, जो घट्ट पकडलेला असतो, तो जसाच्या तसा. मूळ माप तिथं सापडलं. किटमधल्या नव्या पिना त्या मापाशी तंतोतंत जुळल्या, म्हणून पिना वापरायच्या आणि बुश टाकून द्यायचे असं ठरलं. वर्षानुवर्षं मी फिजिक्सच्या लॅबमध्ये मुलांना मायक्रोमीटर धरायला शिकवते. मोजायचं काय, हे आधी ठरवावं लागतं, ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

फॉस्फर ब्राँझचा रॉड कापून चार बुश टर्न केले. बाहेरचं माप भोकापेक्षा किंचित जास्त, आतलं पिनेपेक्षा किंचित कमी. कारण बुश प्रेसनं दाबून बसवला की आतून आवळतो, आणि मग रीमर, म्हणजे भोक बारीक तासणारं हत्यार, फिरवून आतलं माप आणावं लागतं. वरचा आणि खालचा बुश त्यांनी वेगवेगळा रीम केला नाही, लांब रीमर दोन्हींतून एका सरळ रेषेत काढला. ग्रीसची खाच कापली ती कडेपर्यंत नेली नाही, आतच थांबवली, नाहीतर ग्रीस बाहेर पळतं. ग्रीस भरायच्या निपलसमोर बरोबर भोक आलंय का ते तारेनं तपासलं. शेवटी पिनेला तेल लावून वरून सोडून दिली. ती ना अडकली ना धपकन पडली. आपल्याच वजनानं हळूहळू खाली उतरत गेली. आम्ही दोघं काही न बोलता बघत होतो.

गिअरचा बुश लहान काम. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, आणि त्याच्या जोडांमधले बुश झिजले की दुसरा टाकताना चौथा पडतो. हा बुश मी आधी दुसरीकडं पांढऱ्या नायलॉनचा करून घेतला होता. पावसाळ्यात गिअर जाम. मिस्त्री म्हणाले नायलॉन पाणी पितं आणि फुगतं, आपण डेलरिनचा, म्हणजे पाणी फारसं न पिणाऱ्या प्लास्टिकचा, करू. दोन पावसाळे झाले, काहीही तक्रार नाही.

तिसरं काम मात्र पहिल्या फटक्यात जमलं नाही, तेही सांगितलं पाहिजे. इंजिनच्या हेडवरचा पाण्याचा ॲल्युमिनियमचा एल्बो, म्हणजे वाकडी नळी, आतून खाऊन गेला होता. कोल्हापूर हे फाउंड्रीचं गाव, मिस्त्रींच्या ओळखीत ओतकाम करणारे आहेतच. जुनाच एल्बो वाळूत दाबून ओतला तर नवा बारका निघतो, कारण ॲल्युमिनियम थंड होताना साधारण सव्वा टक्का आकसतं. म्हणून जुन्यावर पुटी चढवून माप वाढवलं, फ्लँज (बोल्टनं जोडायची सपाट कड) जाड ठेवला, बोल्टची भोकं बुजवली आणि ओतून झाल्यावर गॅस्केट ठेवून नव्यानं पाडली. एवढं करूनही पहिला एल्बो फसला. तोंडं बंद करून, पाण्यात बुडवून हवा भरली तर अंगातून बारीक बुडबुडे. मिस्त्रींनी तो माझ्या हातातही दिला नाही. दुसरा ओतून घेतला, त्याचे जादा पैसे घेतले नाहीत. पण आठ दिवसांचं काम पाच आठवड्यांवर गेलं, आणि त्या काळात फोन क्वचितच उचलला. मला दोन खेपा फुकट झाल्या. सांगलीहून येणं-जाणं शंभर किलोमीटर होतं, त्यामुळं हे खटकलंच.

आणखी एक उणीव म्हणजे मापं ते कुठंच लिहून ठेवत नाहीत, सगळं डोक्यात. मी स्वतः वही केलीय. तुम्हीही करा.

पैसे असे: चार बुश रीमिंगसकट 2,600, गिअरचा बुश 350, एल्बो 1,800. किटपेक्षा महाग पडतं. मला ते रास्त वाटतं.

पण मी त्यांच्यावर विश्वास टाकला तो त्यांनी नाकारलेल्या कामामुळं. मागच्या ब्रेकचा व्हील सिलिंडर आतून गंजला होता, म्हटलं स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, घालून द्या. मिस्त्रींनी मान हलवली. "पाण्याचा एल्बो गळला तर गाडी हुबी ऱ्हाती. ब्रेक गळला तर ती हुबीच ऱ्हात न्हाई. ह्ये माझ्या लेथवर करणार न्हाई. नवीन हुडका, तवर गाडी काढू नका." काम समोर चालून आलं होतं, मी पैसे द्यायला तयार होते. तरी नाही म्हणाले. चार महिने गाडी शेडमध्ये उभी राहिली, मग मुंबईतून पॅकबंद जुना सिलिंडर मिळाला. बाबा त्या चार महिन्यांत रोज सकाळी दार उघडून आत बसायचे.

जायचं असेल तर तुटका पार्ट एकटा नेऊ नका. तो ज्यात बसतो आणि ज्यावर फिरतो ते दोन्ही न्या, गॅस्केट असेल तर गॅस्केटही. सकाळी दहाच्या आत पोचा, दुपारनंतर ते ऑइल इंजिनच्या कामाला लागतात. सध्या आमच्या क्वार्टर ग्लासची, म्हणजे दारातल्या छोट्या तिकोनी काचेची, कडी त्यांच्याकडं आहे. पुढच्या शनिवारी बोलावलंय, जाताना बाबांनाही नेणार आहे.